रेसिंग सिम्युलेटरचे पेडल: कॅलिब्रेशन नेमके कुठे बिघडते

रेसिंग सिम्युलेटरच्या पेडलवरून पाय पूर्ण उचललेला असतानाही गाडी किंचित ब्रेक लागल्यासारखी धावत असेल, किंवा ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही पडद्यावरची पट्टी पाऊण भागाच्या जरा पुढे जाऊन थांबत असेल, तर बहुतेक जण लगेच पुन्हा कॅलिब्रेशन करतात. तेवढ्याने काही वेळा काम भागते. पण दोष चार दिवसांत परतला, तर मूळ बिघाड जागच्या जागी आहे असे समजावे.

पेडलमधला सेन्सर पायाच्या हालचालीनुसार व्होल्टेज बदलतो आणि एक चिप त्या व्होल्टेजचा आकडा बनवते. चिप 12 बिटची असेल, तर हा आकडा 0 ते 4095 यांच्या दरम्यान असतो. प्रत्यक्षात मोकळ्या पेडलला समजा 600 आणि पूर्ण दाबलेल्या पेडलला 3400 असा आकडा मिळतो. हे दोन आकडे लक्षात ठेवून मधल्या 2800 पायऱ्या शून्य ते शंभर टक्क्यांत बसवणे, एवढेच काम कॅलिब्रेशन करते. पुढे मोकळ्या पेडलचा आकडा सरकून 670 झाला, तर पाय न लावताच अडीच टक्के ब्रेक दिसू लागतो.

दुसरा दोष यापेक्षा फसवा आहे. अनेक संच चालू होताच आपापल्या सीमा स्वतः शिकतात, म्हणजे आतापर्यंत दिसलेला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा टोक म्हणून धरतात. अशा वेळी सेन्सरने क्षणभरासाठी जरी 4095 हा खोटा आकडा दिला, तरी तेच वरचे टोक ठरते. मग 3400 पर्यंतच जाणारे पेडल कितीही जोर लावला तरी ऐंशी टक्क्यांवर अडते. पेडल यांत्रिकदृष्ट्या अगदी ठणठणीत असते, आणि तरीही लोक स्प्रिंग बदलत बसतात.

असा खोटा आकडा बहुधा पोटेन्शियोमीटरमधून येतो. त्यात कार्बनच्या पट्ट्यावर धातूची एक जीभ घासत सरकते आणि तिच्या जागेनुसार व्होल्टेज ठरते. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये लू सुटते, तेव्हा खिडक्या बंद असल्या तरी जमिनीलगत धुळीचा थर बसतो, आणि पेडलचा संच नेमका जमिनीवरच असतो. लष्करातल्या माझ्या भाच्याने एकदा तक्रार केली, “मामा, पाय उचलला तरी ब्रेक सुटत नाही.” त्याला कॅलिब्रेशन करू न देता आम्ही आधी कच्चा आकडा, म्हणजे टक्क्यांत बसवण्यापूर्वीचा चिपचा आकडा, पाहिला. पेडल अगदी सावकाश दाबत नेले, तेव्हा आकडा एका लयीत चढत होता. मात्र सुरुवातीच्या भागात एका ठराविक जागी तो दर वेळी उसळून खाली यायचा. उसळी नेहमी त्याच जागी येत असेल, तर दोष पट्ट्याच्या त्या भागात आहे. ती कुठेही, कधीही येत असेल, तर सैल जोड, वायर किंवा वीजपुरवठा तपासावा. मला ही एक चाचणी इतर सर्व उपायांपेक्षा मोलाची वाटते.

धूळच असेल, तर यूएसबी केबल काढून कॉन्टॅक्ट क्लीनर फवारावा, पेडल अनेकदा वरखाली करावे आणि पूर्ण वाळू द्यावे. तेल सोडू नये, कारण त्यावर धूळ अधिकच चिकटते. कार्बन झिजला असेल, तर पोटेन्शियोमीटर बदलण्यास पर्याय नाही. नवा घेताना तो मूळच्याच रोधाचा आणि रेषीय प्रकारचा, म्हणजे जीभ सरकेल त्याच प्रमाणात रोध बदलणारा, असावा. आवाज कमी-जास्त करण्यासाठीचा लॉगॅरिदमिक प्रकार बसवला, तर दोन्ही टोके बरोबर जुळूनही मधला सगळा भाग चुकतो.

एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणाऱ्या हॉल सेन्सरमध्ये चुंबक सरकला की व्होल्टेज बदलते; त्यात काहीच घासत नाही, त्यामुळे तिथे झिजेचा प्रश्न येत नाही. त्यात चुंबक जागेवरून हलला आहे का, एवढे प्रथम पाहावे.

लोड सेलची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण ते पेडल किती सरकले याऐवजी पायाचा जोर मोजते. धातूच्या ठोकळ्यावर चिकटवलेल्या 350 ओहमच्या पट्ट्यांचा रोध पूर्ण भाराखालीही जेमतेम 0.7 ओहमने बदलतो, आणि 5 व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातून साधारण 10 मिलिव्होल्टचा संकेत मिळतो. इतका क्षीण संकेत सहज बिघडतो. बोल्ट जास्त आवळले, तर ठोकळ्यावर कायमचा ताण येऊन शून्यच सरकते. जुन्या वाड्यातल्या सॉकेटला अर्थिंग नसेल, तर स्टिअरिंगच्या मोटरचा विद्युत गोंगाट आकड्यात मिसळू शकतो; म्हणून मोटर बंद ठेवून आकडा स्थिर होतो का, ते पाहावे. तापमानानेही शून्य थोडे सरकते. चार पट्ट्यांची व्हीटस्टन जोडणी हा परिणाम बराचसा खोडून काढते, पण पूर्णपणे नाही. आणि ग्वाल्हेरचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांपलीकडे, तर जानेवारीच्या रात्री 5 अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे इथे लोड सेलचे कॅलिब्रेशन ऋतू बदलला की पुन्हा करावे, आणि वरचे टोक सेलच्या क्षमतेवर न ठेवता आपला पाय न थकता वारंवार लावू शकेल अशा जोरावर ठेवावे. रबरी ठोकळा दाबून अंतर मोजणाऱ्या ब्रेकमध्ये थंडीचा परिणाम वरच्या टोकाला दिसतो: रबर ताठरते, आणि तेवढ्याच जोराला पेडल कमी सरकते.

सेन्सर निर्दोष ठरला, तर शेवटी सॉफ्टवेअरचे थर पाहावेत. फर्मवेअर (पेडलच्या चिपमधलाच प्रोग्राम), विंडोज आणि खेळ हे तिघेही स्वतंत्रपणे सीमा ठरवू शकतात, आणि एकाची चूक दुसऱ्याने सावरली की तिसरा थर बदलताच सगळे कोसळते. म्हणून विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीतले जुने कॅलिब्रेशन रद्द करून मूळ स्थिती आणावी, पेडलवर पाय न ठेवता संच पुन्हा जोडावा, उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये टोके ठरवावीत आणि त्यानंतरच खेळ उघडावा. डेड झोन, म्हणजे सुरुवातीचा दुर्लक्षित करायचा भाग, सर्वांत शेवटी द्यावा, आणि तोही मोकळ्या पेडलचा आकडा जितका थरथरतो त्याहून किंचितच मोठा.