पाव मिनिट मोजून चाराने गुणू नका

आजारी बाळाला दवाखान्यात आणलं की ताप किती होता हे घरच्यांना तोंडपाठ असतं. श्वास मिनिटाला किती होते, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. बाळाच्या फुप्फुसांचं काय चाललंय हे ताप सांगत नाही, श्वासांचा आकडा सांगतो. तो मिळवायला सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं.

मर्यादा अशा: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांच्या बाळाचे 50 किंवा जास्त आणि 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त श्वास झाले, तर ते जलद समजायचे. खोकला असलेल्या मुलात हे न्यूमोनियाचं लक्षण धरतात.

मोजायचं कसं? मूल आईच्या मांडीवर शांत हवं. झोपलेलं असेल तर आणखी चांगलं, उठवू नका. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा बाद. झबलं वर सरकवा, उजेड येऊ द्या, पोटावर एक जागा नजरेत धरा. ती वर येऊन खाली गेली की एक. थंड स्टेथोस्कोप, थर्मामीटर, घशात डोकावणं, सगळं नंतर. मुरलेली बालरोग परिचारिका आधी नुसती बघते, मग हात लावते, उपकरणं शेवटी. क्रम उलटला की मूल रडतं आणि आकडा हातचा जातो.

पूर्ण 60 सेकंद मोजायचं. घाईत 15 सेकंद मोजून चाराने गुणतात, तिथेच घोळ होतो. सहा महिन्यांच्या बाळाचे 12 मोजले तर उत्तर 48, म्हणजे ठीक. 13 मोजले तर 52, म्हणजे जलद. एका श्वासाच्या चुकीवर निदान फिरतं. त्यात तान्ही बाळं एका लयीत श्वास घेतच नाहीत: भरभर घेतात, मधेच 5 ते 10 सेकंद थांबतात, पुन्हा सुरू. पाव मिनिट नेमकं त्या थांब्यावर पडलं तर? म्हणूनच दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजायचे असतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे मोजणं पन्नास-साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दायांनाही जमेल असं केलं: मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. तिथल्या न्यूमोनिया-उपचारांमुळे बालमृत्यू घटल्याचा अहवाल 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पण श्वास जलदच का होतो, खोल का होत नाही? आपल्या बरगड्या पाठीकडून पुढे उतरत्या असतात. श्वास घेताना त्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात आणि छातीचा पिंजरा रुंदावतो. तान्ह्या बाळाच्या बरगड्या आधीच जवळजवळ आडव्या असतात, उचलून फार जागा होत नाही. म्हणून सगळा भार पडद्यावर, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूवर. चार किलोचं बाळ एका श्वासात साधारण 25 मिलिलिटर हवा घेतं, म्हणजे औषधाचे पाच छोटे चमचे. हवा जास्त हवी असेल तर ते चमचा फारसा मोठा करू शकत नाही, भराभर भरू शकतं.

न्यूमोनियात फुप्फुसं ताठर होतात. पडदा जोराने खाली ओढतो, छातीच्या आतला दाब उतरतो, पण फुप्फुस फुलत नाही. मग त्या ओढीला जे मऊ असेल ते आत जातं, आणि बाळाच्या बरगड्या बऱ्याच अंशी कूर्चेच्या, लवचीक. पोट बाहेर आणि छातीची खालची कड आत, अशी सी-सॉ दिसते. आत ओढली जाते ती श्वास घेताना, एवढं पक्कं बघा. नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब घालून साफ करा आणि पुन्हा बघा. तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे नुसत्या शेंबडानेही छाती ओढली जाऊ शकते. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर हवेला होणारा विरोध सोळापट होतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो (संथ, थरांनी वाहणाऱ्या हवेचा हा हिशेब आहे, रडताना तो आणखी बिघडतो).

पोट उडताना दिसतं म्हणून न्यूमोनियाला गावाकडे 'पोटात डबा झाला' म्हणतात. बघणाऱ्याची नजर चांगली, निदान चुकलेलं. त्या चुकीपायी गरम विळ्याने तान्ह्याच्या पोटावर डागण्या देण्याचे प्रकार मेळघाटातून अजूनही बातम्यांत येतात. दुखणं छातीत, चटके पोटाला, आणि भाजलेलं पोट हलवायला बाळ घाबरतं. जो एक स्नायू त्याला जगवतोय, त्याच्याच वाटेत ही जखम. शहरात डागण्या नसतात, खोकल्याचं सिरप असतं. ताठरलेल्या फुप्फुसावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

कण्हणंही नीट ऐका. श्वास सोडताना दर वेळी 'अंह' असा आवाज येत असेल तर बाळ स्वरयंत्राचं दार अर्धवट मिटून थोडी हवा आत अडकवतंय, फुप्फुसातले फुगे मिटू नयेत म्हणून. अतिदक्षता विभागातलं यंत्र जे करतं, तेच बाळ घशाने करतं. याला रात्रभर वाट बघणं नाही. दूध ओढता येत नसेल, ओठ-जीभ निळी पडली असेल, श्वासागणिक मान हलत असेल, तरीही लगेच रुग्णालय. ऑक्सिमीटर वापरायचा तर बाळाचा, तळपायाला गुंडाळायचा. मोठ्यांचा चिमटा इवल्याशा बोटावर भलताच आकडा दाखवतो.

आणि सकाळी 70 असलेले श्वास दुपारी 35 झाले, बाळ 'शांत झोपलं', तर आधी त्याला हलवून उठवा. डोळे उघडून अंगावर दूध ओढत असेल तर ठीक. नुसतंच लोळागोळा राहिलं तर पडदा थकलाय.