प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार: समाजसेवा गटातलं नामांकन कसं भरावं

या पुरस्कारासाठी मुलाचं नाव पालकांनीच सुचवलं पाहिजे असं नाही. शिक्षक, सरपंच, अंगणवाडी सेविका, शेजारी, कुणीही नामांकन भरू शकतं. मूल स्वतःही भरू शकतं. हे ठाऊक नसल्यामुळे वस्तीत, गावात मनापासून काम करणारी कितीतरी मुलं यादीपर्यंत पोचतच नाहीत, कारण त्यांच्या घरी ऑनलाइन फॉर्म भरणारं कुणी नसतं. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर फॉर्म तुम्ही भरा.

केंद्राच्या महिला आणि बाल विकास मंत्रालयाचा हा पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. शौर्य, समाजसेवा, पर्यावरण, क्रीडा, कला व संस्कृती, विज्ञान व तंत्रज्ञान असे सहा गट आहेत. २०२४ पासून वितरण २६ डिसेंबरला, वीर बाल दिवशी होतं. त्या वर्षी देशभरातून १७ मुलांची निवड झाली होती. चुरस किती असते, हे या आकड्यावरून कळावं.

मूल भारतीय नागरिक असावं, भारतात राहणारं असावं आणि वय ५ ते १८ वर्षं असावं. वय कोणत्या तारखेला मोजायचं हे दरवर्षीच्या सूचनेत दिलेलं असतं. २०२५ च्या फेरीत ती तारीख ३१ जुलै २०२५ होती. म्हणजे जून २००७ मध्ये जन्मलेली मुलगी अकरावी-बारावीत असताना केलेल्या कामासाठीही त्या फेरीत बसत नाही. म्हणून सोळा-सतराव्या वर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका. कामगिरी अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतली हवी. हा पुरस्कार पूर्वी कोणत्याही गटात मिळाला असेल तर पुन्हा अर्ज करता येत नाही.

अर्ज फक्त राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर भरायचा. पत्ता: अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन. आधी नामांकन करणाऱ्याची नोंदणी होते. त्यासाठी नाव, आडनाव, जन्मतारीख, मोबाइल, ई-मेल आणि आधार क्रमांक लागतो. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच टाका. आधारवर ‘सुनिता’ आणि फॉर्मवर ‘सुनीता’ असा फरक राहिला तर नंतर धावपळ होते. मुलाच्या आधारवरचं नाव शाळेच्या दाखल्याशी जुळत नसेल तर ती दुरुस्ती महिनाभर आधीच करून घ्या. लॉगिन केल्यावर चालू नामांकनांच्या यादीतून हा पुरस्कार निवडायचा, गट निवडायचा आणि नामांकन स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी ते सांगायचं. मग मुलाची माहिती, अलीकडचा फोटो, कामाचं वर्णन आणि पुरावे. फोटो जेपीजी किंवा पीएनजी चालतो, पुरावे पीडीएफमध्ये.

खरी कसोटी वर्णनाची आहे. मर्यादा जास्तीत जास्त ५०० शब्दांची, आणि बहुतेक जण त्यातले दोनशे शब्द मुलाच्या स्वभावावर खर्च करतात. ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड असलेली गुणी विद्यार्थिनी’ या वाक्यातून निवड समितीला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘जून २०२३ पासून दर रविवारी वीटभट्टीवरच्या १४ मुलांना वाचायला शिकवते. त्यातली ११ मुलं आता दुसरीचं पुस्तक सलग वाचतात. मुख्याध्यापकांचं पत्र, जोडपत्र ३.’ अडचण काय होती, मुलाने नेमकं काय केलं, कधीपासून, किती जणांना उपयोग झाला आणि काम आजही चालू आहे का, एवढं आलं पाहिजे. प्रत्येक आकड्यामागे जोडपत्र हवं. काम गटाने केलं असेल तर त्यात या मुलाचा वाटा कोणता, ते वेगळं सांगा. आई-वडिलांच्या संस्थेच्या कार्यक्रमात मूल फक्त फोटोत दिसत असेल तर ते नामांकन टिकत नाही, आणि टिकूही नये.

जोडपत्रं जास्तीत जास्त १० जोडता येतात. बातमीच्या प्रत्येक कात्रणाची वेगळी फाइल केली की जागा तिथेच संपते. सगळी कात्रणं एका पीडीएफमध्ये घ्या आणि प्रत्येकावर वर्तमानपत्राचं नाव व तारीख लिहा. फोटोंचंही तसंच: सात-आठ निवडक, खाली दिनांक, ठिकाण आणि एका ओळीत काय चाललंय ते. ग्रामपंचायत किंवा शाळेचं पत्र लेटरहेडवर, जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का यांसह घ्या. शिक्का अस्पष्ट उमटला असेल तर दुसरं पत्र मागायला संकोचू नका. ‘सदर विद्यार्थी होतकरू असून’ अशा ठरावीक मजकुराचं पत्र उपयोगाचं नाही. पत्रात काम, कालावधी आणि लाभार्थींची संख्या मागून घ्या. मराठी कागदपत्रांसोबत इंग्रजी किंवा हिंदी सारांश लावा, कारण छाननी दिल्लीत होते. ज्यांना मदत झाली त्या मुलांचे चेहरे, आजार, घरची परिस्थिती पालकांची परवानगी घेतल्याशिवाय जोडू नका.

अर्ज मसुदा म्हणून जतन करता येतो आणि हवा तेव्हा सुधारता येतो. पण जतन केलेला अर्ज सादर झालेला नसतो. अंतिम सादरीकरणाचं बटण दाबलं की प्रत उतरवून घेता येते. ती हातात आल्यावरच काम झालं असं समजा. शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका, मुदतवाढीवर तर नकोच.

अठरा ओलांडलेल्यांनाही महाराष्ट्रात जिल्हा युवा पुरस्कारासाठी अर्ज करता येतो. एक युवक, एक युवती आणि एक नोंदणीकृत संस्था अशी निवड होते. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात द्यायचा. जिल्ह्यात सलग ५ वर्षांचं वास्तव्य लागतं. पुरस्कारानंतर किमान २ वर्षं काम चालू ठेवण्याचं हमीपत्रही जोडावं लागतं, ते विसरू नका.