मोफत म्हणजे मुक्त नव्हे

"अहो, नेटवर फुकट आहे की!" स्टाफरूममध्ये हे वाक्य कानावर आलं की समजावं, कुठलीतरी पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर पोचली.

फुकट वाचायला मिळणं वेगळं आणि वाटायची मुभा असणं वेगळं. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरचा अग्रलेख मोफत असला, तरी त्याचे हक्क कुणी सोडून दिलेले नसतात. विकिपीडियाचा मजकूरही मोफतच, पण त्याला क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे, म्हणजे लेखकांनी ठरावीक अटींवर सर्वांना आधीच दिलेली वापराची मुभा. उतरवून घ्या, बदला, छापून विकासुद्धा. फक्त श्रेय द्या आणि तुमची आवृत्तीही त्याच परवान्याने खुली ठेवा. मुक्त म्हणतात ते हे.

मुक्ततेतही पायऱ्या आहेत. परवान्यात 'एनसी' असेल तर व्यापारी वापर नाही. 'एनडी' असेल तर बदललेली आवृत्ती वाटायची नाही. मराठीतून शिकवणाऱ्याला ही दोन अक्षरं फार नडतात, कारण अनुवाद हाही बदलच धरला जातो.

मग मुक्त नसलेलं काही वर्गात आणायचंच नाही का? तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात, शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला सूट आहे. पुस्तकांतल्या निवडक पानांच्या प्रतींचे संच विद्यार्थ्यांना विकणाऱ्या, दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये खटला भरला, तेव्हा याच कलमाचा कस लागला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पानांची टक्केवारी मोजली नाही; शिकवण्यासाठी तेवढा मजकूर लागतो का, हा निकष धरला. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी खटलाच मागे घेतला.

तो वाद कागदी संचांचा होता. फक्त आपल्याच विद्यार्थ्यांसाठी असलेल्या गूगल क्लासरूमला तोच तर्क लागू व्हावा, असं माझं मत. तीच पीडीएफ टेलिग्रामच्या खुल्या चॅनेलवर टाकली, की 'शिकवण्याच्या ओघात' म्हणणं अवघड. मूळ पानाची लिंक देऊन भागत असेल, तर प्रत करायचीच कशाला? अर्थात ती लिंक चोरीच्या पीडीएफची नको.

साने गुरुजींसारख्यांच्या लेखनाला परवानाही लागत नाही. ते १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांचं. मात्र नव्या आवृत्तीला कुणी आजच्या अभ्यासकाने प्रस्तावना लिहिली असेल, तर स्कॅन करताना तेवढी पानं वगळा.