जोसरच्या थडग्यातले लाकूड

सक्कारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली इजिप्तचा राजा जोसर याचे थडगे आहे. तिथल्या बाभळीच्या लाकडाचा एक तुकडा १९४०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात पोचला. तिथे तो जाळून त्याची शुद्ध कर्बाची काळी भुकटी करण्यात आली. साडेचार हजार वर्षे टिकलेले लाकूड असे जाळायचे, हे वाचताना आजही जिवावर येते. पण तिथले रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिब्बी यांना वय आधीच ठाऊक असलेली वस्तू हवी होती. जोसरचा काळ राजांच्या याद्यांवरून ठरलेला होता आणि कार्बन-१४वरून जुन्या वस्तूंचे वय सांगणारे त्यांचे नवे घड्याळ त्याच्याशी ताडून पाहायचे होते.

हे घड्याळ चालते ते असे. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात सुटे झालेले न्यूट्रॉन नायट्रोजनवर आदळतात आणि कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन तयार होतो. हवेतून तो वनस्पतींत जातो, वनस्पतींतून प्राण्यांत. जीव आहे तोवर आवक चालू राहते. मेल्यावर ती थांबते आणि असलेला साठा दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. मुळात हा साठाच अगदी तुटपुंजा: एक लाख कोटी कार्बन अणूंमागे साधारण एक. ताज्या कर्बाच्या एका ग्रॅममध्ये मिनिटाला जेमतेम चौदाएक अणू फुटतात. बाहेरून येणाऱ्या किरणांच्या गलबल्यात एवढा क्षीण आवाज ऐकायचा कसा? लिब्बींनी किरणोत्सार मोजणाऱ्या मुख्य गणकाभोवती आणखी गणकांचे कडे उभे केले. आतला आणि बाहेरचा गणक एकाच क्षणी वाजला, की ती नोंद बाद. मला या सगळ्या कथेतली सर्वांत सुंदर युक्ती हीच वाटते.

सहकारी जेम्स अर्नोल्ड यांच्यासह काढलेले निष्कर्ष डिसेंबर १९४९मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६०मध्ये लिब्बींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र पद्धतीत एक गृहीतक होते: हवेतले कार्बन-१४चे प्रमाण सदैव सारखेच राहिले असणार. तसे ते नव्हते. हे उघड केले झाडांनी. कॅलिफोर्नियातल्या ब्रिसलकोन पाइनची काही झाडे चार हजारांहून अधिक वर्षे जगतात. त्यांच्या आणि वठलेल्या खोडांच्या वलयांची जुळणी करून वर्षावर्षाचा हिशेब मागे नेता आला. प्रत्येक वलयाचे खरे वय मोजून कळत होते, म्हणून त्यातल्या कार्बन-१४वरून रसायनशास्त्रज्ञ हान्स सूस यांनी १९६०च्या दशकात दुरुस्तीचा आलेख काढला. इसवी सनापूर्वी ३०००च्या आसपासच्या तारखा काही शतके मागे सरकल्या.

त्याचा खरा धक्का बसला युरोपला. प्रचंड शिळा रचून बांधण्याची कला इजिप्त आणि ग्रीसभोवतालच्या एजियन प्रदेशातून पश्चिमेकडे गेली, असे तोवर मानले जाई. नव्या तारखांनुसार माल्टातील मंदिरे आणि फ्रान्समधल्या ब्रिटनीतील शिळांची थडगी पिरॅमिडांहून जुनी निघाली. शिष्य गुरूच्या आधी जन्मलेला! पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेन्फ्र्यू यांनी या उलथापालथीची सविस्तर मांडणी केली आणि स्थानिक लोकांच्या कर्तृत्वाकडे पाहणे भाग पडले.

१९७७नंतर अणू फुटायची वाट न पाहता त्वरकाच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने ते थेट मोजता येऊ लागले. आता धान्याचा एखादा दाणाही पुरतो. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे मात्र मोजण्याजोगे काही उरत नाही.

२०१०मध्ये संग्रहालयांत जपलेल्या इजिप्तमधील बिया, टोपल्या, फळे अशा दोनशेहून अधिक नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. तीनुसार जोसर गादीवर आला तो इसवी सनापूर्वी २६९१ ते २६२५च्या दरम्यान. राजांच्या याद्यांवरून बांधलेला काळही जवळपास तोच होता.