प्रोसेसची माहिती फाइलमध्ये कशी आली?

ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला कोल्हापुरातली इंजिनिअरिंगची पोरं फोर्कचा (एका प्रोसेसमधून, म्हणजे चालू प्रोग्रॅममधून, दुसरी 'चाइल्ड' प्रोसेस काढण्याचा) प्रोग्रॅम लिहितात आणि चाइल्ड झॉम्बी झाला का, म्हणजे संपूनही यादीत उरला का, हे पीएस ही प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड मारून बघतात. पण पीएसला तरी हे कोण सांगतं? जर्नलमध्ये बहुधा ते नसतं.

लिनक्सच्या आधीची सिस्टीम म्हणजे युनिक्स; सुरुवातीच्या युनिक्समध्ये कोणीच सांगत नव्हतं. पीएस एका खास फाइलवाटे थेट कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, मेमरीत शिरायचा, प्रोसेस टेबलचा पत्ता कर्नलच्या सिम्बॉल टेबलमधून (नावं आणि पत्त्यांच्या यादीतून) काढायचा आणि एकेक नोंद वाचायचा. सातबारा हवा म्हणून तलाठ्याच्या दप्तरात स्वतःच घुसावं, तसला प्रकार. त्यासाठी पीएसला जादा परवानगी द्यावी लागे. कर्नलमधलं स्ट्रक्चर बदललं की पीएसही नव्याने कंपाइल करावा लागे.

1984 मध्ये बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी आठव्या आवृत्तीच्या युनिक्ससाठी वेगळी वाट काढली : प्रत्येक प्रोसेस म्हणजे 'प्रॉक' डिरेक्टरीतली एक फाइल, फाइलचं नाव म्हणजे त्या प्रोसेसचा नंबर, पीआयडी. गंमत म्हणजे रोख मुख्यतः डीबगिंगवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यावर, होता. फाइल उघडली की त्या प्रोसेसची मेमरीच हाती यायची. पुढे बेल लॅब्जच्याच प्लॅन 9 या सिस्टीमने प्रत्येक प्रोसेसला अख्खी डिरेक्टरी दिली, आत साध्या मजकुराच्या फाइल्स. 1992 मध्ये लिनक्समध्ये प्रॉक आलं तेही याच वळणाचं. नवशिक्याचं भलं झालं ते इथे, कारण फाइल उघडून ओळी वाचता आल्या की काम भागतं.

तरी 'प्रॉक/सेल्फ/स्टेटस' ही प्रोसेसची स्थिती सांगणारी फाइल बघताना दोनदा अडखळायला होतं. फाइल्सची यादी देणाऱ्या 'एलएस'मध्ये फाइलचा आकार शून्य दिसतो, कारण डिस्कवर काहीच नसतं; वाचायला गेलं की कर्नल तेव्हाच मजकूर तयार करतो. आणि फाइल दाखवणाऱ्या 'कॅट' कमांडने वाचली तर नावापुढे 'कॅट'च येतं, आपण कमांड टाइप करतो तो शेल नाही. जो वाचतो त्याचीच माहिती!

मॅकवर हे प्रॉक नाहीच, त्यामुळे प्रॉक वाचणारा लॅबमधला कोड घरच्या मॅकबुकवर चालत नाही.

कर्नलची मेमरी वाचायची ती जुनी फाइल लिनक्सने 2021 मध्ये, 5.13 आवृत्तीत, कायमची काढली. पण प्रॉकही तसं उघडंच. कमांडच्या ओळीत पासवर्ड टाइप केला, तर त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या युजरला तो दिसू शकतो. म्हणून 2012 मध्ये दुसऱ्यांच्या प्रोसेस लपवणारा 'हाइडपिड' हा पर्याय आला. लॅबच्या सर्व्हरवर तो लावलाय का, हे साध्या लॉगिनमधून सगळ्यांच्या प्रोसेस मागणारा 'ps -e' मारला की कळतं : फक्त स्वतःच्याच प्रोसेस दिसल्या, तर लावलाय.