‘क्रेडिट नाही, म्हणजे सरकारी पैसा नाही’ हे खरं नाही

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांबद्दल (म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजांबद्दल) एक समज पक्का बसलाय: वेल्डिंग, ट्रक चालवणं, नर्सिंग असिस्टंट असे नॉन-क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी गुणांक (क्रेडिट) न देणारे कोर्स शिकायचे तर सगळी फी स्वतःच भरायची. याला कारण आहे. पेल ग्रँट ही केंद्राची मोठी मदत साधारणपणे किमान १५ आठवडे आणि ६०० तासांच्या अभ्यासक्रमालाच मिळायची. सहा आठवड्यांचा कोर्स आपोआप बाहेर.

पण पेल म्हणजे सगळा सरकारी पैसा नव्हे, आणि गल्लत इथेच होते. कॅलिफोर्नियात नॉन-क्रेडिट वर्गांना प्रवेश फी नसते. राज्य कॉलेजला थेट पैसे देतं. व्हर्जिनियाची २०१६ पासूनची योजना तर मला फार हुशारीची वाटते. विद्यार्थी एक तृतीयांश फी भरतो. कोर्स पूर्ण झाला की राज्य दुसरा हिस्सा देतं, प्रमाणपत्र मिळालं की तिसरा. मधेच सोडलं तर विद्यार्थ्याला आणखी एक तृतीयांश भरावं लागतं! शिवाय २०१४ च्या रोजगार कायद्याखाली बेरोजगारांना प्रशिक्षण खाती, म्हणजे शिक्षणाची फी भरायला सरकारी पैसे मिळतात, तेही बरेचदा याच कोर्ससाठी.

आता पेलचं दारही किलकिलं झालंय. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून किमान ८ पण १५ पेक्षा कमी आठवड्यांच्या, १५० ते ५९९ तासांच्या कोर्सना ती लागू केली. मात्र गव्हर्नरची मान्यता हवी, आणि किमान ७० टक्के विद्यार्थ्यांनी कोर्स पूर्ण करायला हवा. नोकरी लागण्याचं प्रमाणही तेवढंच.