रंगवलेली गाडी आणि ठोकलेली गाडी

सेकंडहँड वॅगनआर, स्विफ्ट किंवा आय-टेन बघायला निघालेला माणूस सोबत एक जाणकार मित्र नेतोच. हा मित्र दारावर बोटाने टकटक करतो, उन्हात तिरका वाकून बघतो आणि निकाल देतो, "रंग लागलाय. ठोकलेली आहे, सोड." मग हेच दोघे अशी गाडी घेऊन येतात जिचा रंग कंपनीचाच आहे, कारण बॉनेट आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा बाहेरचा पत्रा) भंगारातल्या त्याच रंगाच्या गाडीचे आहेत. आतला पत्रा मात्र गॅरेजमध्ये ओढून सरळ केलेला.

रंगाचं थोडक्यात आटपू. पुण्या-ठाण्यात पाच-सहा वर्षं चाललेल्या छोट्या गाडीला कुठेच रंग लागलेला नसेल तर मलाच नवल वाटतं. पार्किंगमधला खांब आहे, सिग्नलला खेटणाऱ्या दुचाक्या आहेत, आणि बंपर तर प्लास्टिकचा. रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर असेल तर कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो, वरून पुन्हा मारला की २०० ते ३००, आणि पुट्टी भरली असेल तर ५०० च्या पुढे. एका दारावर पुट्टी निघाली तर भाव पाडा आणि पुढे चला. फक्त अख्खी गाडी नव्याने रंगवलेली असेल तर थांबा. एवढा खर्च कोणी हौसेने करत नाही. खाली गंज, पुराचं पाणी किंवा मोठा मार यांपैकी काहीतरी असतं.

खरा प्रश्न वेगळाच आहे: मार बोल्टने बसवलेल्या भागाला लागला की वेल्ड केलेल्या?

बॉनेट, चारही दारं, पुढचे फेंडर, डिकीचं दार, बंपर हे सगळं पान्याने खोलून बदलता येतं. उद्या चारही दारं नवी बसवली तरी गाडीच्या चालण्यात फरक पडणार नाही. म्हणून फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला दिसला की 'सापडला चोर' असा चेहरा करणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय. बोल्ट फिरलाय म्हणजे तो भाग एकदा काढला होता, इतकंच.

एप्रन (बॉनेटखाली, चाकाच्या आतल्या बाजूचा पत्रा), इंजिनाच्या दोन बाजूंचे पुढचे लांब रेल, छत पेलणारे पिलर, छत, फ्लोअर, मागच्या चाकावरचा क्वार्टर पॅनेल हे मात्र एकमेकांना वेल्ड केलेले असतात. या छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चॅसिस नसते. हा पत्राच सगळा भार घेतो आणि धडकेत कुठे, किती दुमडायचं हेही त्यातच ठरलेलं असतं. एकदा दुमडून ओढलेला पत्रा पुढच्या धडकेत तसाच वागेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय पुढच्या सस्पेन्शनचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा उभा खांब, वरून एप्रनलाच बांधलेला असतो. एप्रन काही मिलिमीटर सरकला तरी चाकाचा कोन बदलतो, गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतात.

बघायचं कसं? बॉनेट उघडा आणि हेडलाइटच्या मागचा डावा एप्रन उजव्याशी ताडून बघा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड म्हणजे छोटे गोल खळगे, एका रांगेत, जवळपास सारख्या अंतरावर. गॅरेजच्या वेल्डिंगची ओबडधोबड रेघ ग्राइंडरने घासलेली असते आणि तिच्यावर सीलंट बोटाने फासल्यासारखं दिसतं. एका बाजूला खळगे आणि दुसऱ्या बाजूला सपाट, नुकताच रंगवलेला पत्रा असेल तर पुढचं काही बघू नका. मग दाराच्या चौकटीचं रबर बीडिंग हाताने ओढा. निघतं आणि परत बसतंही. त्याखालच्या कडेवर तीच खळग्यांची रांग हवी. मागे डिकीत स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघा. इथे कोणी बघत नाही म्हणून इथे कोणी नीट लपवतही नाही: सुरकुत्या, हातोडीचे ठोके, सगळं उघडं पडलेलं असतं.

रेडिएटरपुढची आडवी पट्टी बदललेली दिसली तर लगेच घाबरू नका, अनेक गाड्यांत ती बोल्टवरच असते. तिच्या मागे रेलची टोकं सरळ आहेत ना, ते बघा. क्वार्टर पॅनेल नुसता रंगवला असेल तर चालेल, कापून बदलला असेल तर मी घेत नाही. डीलर 'नॉन-अ‍ॅक्सिडेंटल' म्हणतो, त्याला काडीची किंमत देऊ नका.

विम्याच्या कागदाने अर्धीच गोष्ट कळते. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यावरची सवलत, ५० टक्के होतो. जुन्या मालकाच्या पॉलिसीवर तो शून्य दिसला तर बहुधा अलीकडे क्लेम झालाय, पण तो बंपरचा की अख्ख्या पुढच्या भागाचा हे त्यावर लिहिलेलं नसतं. उलट बोनस वाचवायला रोख पैसे देऊन काम उरकणारेही पुष्कळ. म्हणून क्लेमची रक्कम आणि दुरुस्तीचं बिल मागा. हा बोनस विकणाऱ्याचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे बोनसशिवायचा हप्ता हिशोबात धरा.

किलोमीटर आणि 'सिंगल ओनर' यांवर लोक तासभर घालवतात. सर्व्हिस रेकॉर्ड बघा, पाच मिनिटांत विषय संपतो.

हे सगळं करूनही शंका उरली तर गाडी व्हील अलाइनमेंटला न्या आणि छापील रिपोर्ट घ्या. काही शे रुपयांचं काम. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत पुढे फक्त टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलीत) जुळवता येतो, कँबर (समोरून बघता चाक किती कललंय) नाही. त्यामुळे डाव्या-उजव्या कँबरमध्ये अंशभराचा फरक आला तर किमान स्ट्रट किंवा चाकाला खालून धरणारा आर्म वाकलाय, नाहीतर एप्रनच सरकलाय. आर्म निघाला तर त्याचा खर्च भावातून वळता करा. एप्रन निघाला तर टोकन परत घ्या. आणि अलाइनमेंटला न्यायलाच मालक तयार नसेल तर टोकन देऊच नका.